पेटीतली वीज : हातानं बनवायचा छोटा सौरसंच



कार्यशाळेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही पेटी बनवायला वेळ किती लागतो?" उत्तर सोपं आहे. सगळं सामान टेबलावर मांडलेलं असेल तर दहावीतली मुलगीसुद्धा चार तासांत ती जोडून दिवा लावते. दुसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो म्हणजे, "ही चालेल किती वर्षं?" आज आम्ही जे काही बोलणार आहोत ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी पेटी म्हणजे काय ते सांगतो. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यात बॅटरी, चार्ज कंट्रोलर, फ्यूज, दोन-तीन स्वीच आणि मोबाइल लावायला यूएसबीची जागा. बाहेर तारेनं जोडलेलं 40 वॅटचं सौर पॅनेल. एका हातात पेटी, दुसऱ्या काखेत पॅनेल, आणि माणूस चालू लागला, एवढंच तिचं ओझं. भंडारा जिल्ह्यातल्या कार्यशाळांमध्ये आम्ही हीच पेटी बनवून घेतो.

आता कुणी म्हणेल, गावोगाव तारा पोचल्या, घरोघर मीटर लागले, मग हे कशाला? 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला होता, तो इथल्या माणसाला सांगावा लागत नाही. भंडारा शहराच्या वस्त्यांत आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. पाणी शिरलं की वीज बंद करावीच लागते, नाहीतर त्याच पाण्यात करंट उतरतो. अशा वेळी निरोपाला आधार असतो तो हातातल्या मोबाइलचा, आणि तो एक-दीड दिवसात मरतो. दुसरी गोष्ट जंगलाची. साकोलीकडं नागझिरा, भंडाऱ्याजवळ कोका अभयारण्य. जंगलालगतच्या बांध्यांमध्ये धान निसवायला लागलं की रानडुकरं येतात, मग जागल आली. आणि पावसाळ्यात मण्यार रात्रीच फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर दात इतके बारीक की चावल्याचं कळतही नाही. इथं दिवा लागला नाही ही फक्त गैरसोय नसते, कधी कधी जिवाशी गाठ असते. म्हणून "चालेल किती वर्षं" हा प्रश्न आम्ही एवढा लावून धरतो.

भंडाऱ्यात बॅटरी समजावून सांगायला आम्हाला पुस्तक लागत नाही. मामा तलाव पुरतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव राहिले. कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांमुळंच आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तर बघा, तलावाला काय काय लागतं? पाणी येण्याची वाट लागते. पाणी अडवायला पाळ लागते. जास्तीचं पाणी निघून जायला सांडवा लागतो, नाहीतर पाळ फुटते. आणि बांधीला हवं तेवढंच पाणी सोडायला तुडुम लागतं. आपल्या पेटीतही हेच आहे. पॅनेल म्हणजे पाण्याचा येवा, बॅटरी म्हणजे तलाव, आणि चार्ज कंट्रोलर म्हणजे सांडवा आणि तुडुम दोन्ही. बॅटरी भरली की तो पॅनेलकडून येणारी वीज थांबवतो. बॅटरी तळाला गेली की तो दिवा बंद करतो. तळ्यातलं पाणी आपण पार तळापर्यंत उपसत नाही, चार बोटं राखतो. बॅटरीचंही तसंच आहे.

आता दोन शब्द, वॅट आणि वॅट-तास. लोक इथं हमखास घोटाळा करतात. वॅट म्हणजे तुडुमातून पाणी किती जोरानं सुटतंय ते. वॅट-तास म्हणजे एकूण किती पाणी गेलं ते. 5 वॅटचा दिवा 5 तास लागला की 25 वॅट-तास गेले. आपल्या विजेच्या बिलावर जे युनिट असतं, ते 1000 वॅट-तासांचं. एवढं कळलं की अर्धी कार्यशाळा झाली.

म्हणून आमच्याकडं सोल्डरिंगची कांडी हातात घेण्याआधी पेन हातात घ्यायचा असतो. प्रत्येकानं कागदावर लिहायचं : रात्री घरात काय लागतं? एका साध्या घराचा हिशेब असा येतो. 5 वॅटचे 2 दिवे 5 तास, म्हणजे 50 वॅट-तास. 2 मोबाइल, प्रत्येकी साधारण 15, म्हणजे 30. डीसीवर चालणारा 10 वॅटचा छोटा पंखा 4 तास, म्हणजे 40. बेरीज 120 वॅट-तास. हा झाला खर्च.

आता जमा. पॅनेलवर 40 वॅट छापलेलं असतं, पण ते कडक उन्हाचं आणि प्रयोगशाळेतलं माप. दिवसभराचं ऊन एकत्र करून मोजलं, तर चांगल्या दिवशी 4.5 ते 5 तास भर उन्हाइतकं भरतं. त्यातही उष्णता, धूळ, तारा, बॅटरी, कंट्रोलर असे सगळे आपापला वाटा घेतात. आम्ही ढोबळ मानानं 100 पैकी 70 हाती येतात असं धरतो. 40 गुणिले 4.5 गुणिले 0.7, उत्तर 126. खर्च 120, जमा 126. संसार जेमतेम चालतो.

आणि झड लागली की? सलग तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा दिवसाला दीड तासाचं ऊनही मिळेल याची खात्री नाही. दीड तास धरलं तरी 42 वॅट-तास येतात. 2 दिवे 4 तास लावले की 40 संपले. म्हणजे झडीत पंखा बंद, मोबाइल एखादाच, दिवे चार तास. हे आधी माहीत असलेल्या घरात पेटी टिकते. माहीत नसलेल्या घरात लोक पेटीला नावं ठेवतात, कंट्रोलरनं दिवा बंद केला की तार थेट बॅटरीला जोडतात, आणि बॅटरी मारून टाकतात. आमच्यापुढं आलेल्या बंद पेट्यांमध्ये ही गोष्ट वारंवार दिसते.

इथं सभेत एक हात हमखास वर होतो : "यावर मोटर चालेल का?" शेतकऱ्याचा प्रश्न आहे, खरा प्रश्न आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जावं लागतं, त्याचा त्रास त्यामागं आहे. उत्तर आकड्यांनीच देऊ. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. 3 एचपीची मोटर तासभर चालली तर 2238 वॅट-तास. आपली पेटी दिवसाला 126 कमावते. म्हणजे जवळजवळ 18 दिवसांची कमाई मोटर एका तासात पिऊन टाकणार. शिवाय सुरू होताना ती त्याच्या कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा मोटरीसाठी ही पेटी नाही. त्यासाठी मोठे सौर कृषिपंप आहेत. राज्याच्या "मागेल त्याला सौर कृषिपंप" योजनेत 3, 5 आणि 7.5 एचपीचे पंप मिळतात, सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के रक्कम भरावी लागते. ज्याचं काम त्यानं करावं. इस्त्री, शेगडी, मिक्सर यांचंही उत्तर हेच.

आता एकेक भाग हातात घेऊ. पॅनेल. सिलिकॉनचा पहिला कामाचा सौरघट अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत 1954 साली झाला. तेव्हा तो उन्हातली 6 टक्के ऊर्जा विजेत बदलायचा, आजची साधी पॅनेल 20 टक्क्यांच्या आसपास बदलतात. आपल्या पॅनेलमध्ये 36 घट एकामागोमाग जोडलेले आहेत. एकेक घट मोकळा असताना सुमारे 0.6 व्होल्ट देतो, म्हणून उन्हात धरून मल्टिमीटर लावला की 20 ते 22 व्होल्ट दिसतात. हे घट रांगेत आहेत हे महत्त्वाचं. नालीत एका जागी दगड पडला की पुढचं सगळं पाणी अडतं. तसंच एका कोपऱ्यावर आंब्याची सावली पडली तरी वीज निम्म्याखाली जाऊ शकते. पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून ठेवायचं. भंडारा साधारण 21 अंश अक्षांशावर आहे, तेवढाच उतार द्यायचा. फार मोजमाप नको, पाठीमागं एक वीट लावली तरी चालतं.

एक गैरसमज इथंच काढून टाकू. मे महिन्यात 45 अंश तापतं, तेव्हा वीज सगळ्यात जास्त येत असेल, असं वाटतं ना? पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. छापलेलं माप 25 अंशांवरचं असतं. त्यापुढं दर अंशाला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते. मेच्या दुपारी पॅनेल 65 अंशांवर गेलं, तर 40 अंश जास्त झाले, म्हणजे 16 टक्के गेले. म्हणून पॅनेल तापलेल्या पत्र्याला चिकटवून ठेवू नका. खालून वारा खेळू द्या.

बॅटरीकडं येऊ. या विषयाशी आपल्या जिल्ह्याचं जुनं नातं आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची खाण आहे, तिथलं मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांना जातं. फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी 1866 साली जो सेल बनवला, त्याचा पुढचा वंशज म्हणजे आपला टॉर्चचा साधा सेल, आणि त्यात हेच काळं भुकटं असतं. पण तो सेल एकदा संपला की संपला, पुन्हा भरता येत नाही. पेटीत आपल्याला रोज भरणारी, रोज रिकामी होणारी बॅटरी हवी.

बाजारात दोन पर्याय मिळतात. एक, स्कूटर-इन्व्हर्टरमधली शिशाची. स्वस्त, कुठंही मिळणारी, पण जड. ती रोज अर्ध्याखाली उतरवली तर काही शे वेळांत दम टाकते. दुसरी, लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा एक सेल 3.2 व्होल्टचा, 4 सेल मिळून 12.8 व्होल्ट. 12 अँपिअर-तासांची घेतली तर 153 वॅट-तास साठतात. त्यातले 80 टक्के वापरले तर 123. आपला खर्च 120 होता, आठवतंय ना? हिशेब जुळला. ही दोन हजार वेळासुद्धा भरते-रिकामी होते, म्हणजे नीट सांभाळली तर पाच वर्षं सहज. महाग वाटते खरी, पण दर वर्षी-दोन वर्षांनी शिशाची बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. एक मात्र लक्षात ठेवा, कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते. लिथियमच्या बॅटरीला शिशाची सेटिंग ठेवली की तक्रारी सुरू.

कंट्रोलर जोडायचा क्रम ठरलेला आहे : आधी बॅटरी, मग पॅनेल. सोडताना उलटं : आधी पॅनेल, मग बॅटरी. कारण कंट्रोलर बॅटरीकडं बघून ठरवतो की व्यवस्था किती व्होल्टची आहे. आधीच पॅनेलचे 20-22 व्होल्ट आदळले तर तो गोंधळतो, कधी जळतोही. हा क्रम पेटीच्या झाकणावर आतून लिहायचाच. वर्षभरानं पेटी उघडणारा माणूस कार्यशाळेला आलेला नसतो.

तारेवर लोक पैसे वाचवतात आणि तिथंच हरतात. 12 व्होल्टच्या व्यवस्थेत करंट जास्त असतो, म्हणून बारीक तार चालत नाही. पॅनेल अंगणात, पेटी घरात, मधे 5 मीटर. जाऊन-येऊन 10 मीटर तार. तांब्याची 1 चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि 3 अँपिअर गेले, तर साधारण अर्धा व्होल्ट तारेतच जिरतो. तीच तार निम्म्या जाडीची घेतली तर एक व्होल्टाहून जास्त. बाराच्या हिशेबात हे नऊ टक्के झाले. कमावलेलं पाणी पाटातच झिरपलं म्हणा ना.

आणि फ्यूज. पेटीतली सगळ्यात स्वस्त वस्तू, पण तीच घर वाचवते. बॅटरी लहान दिसते, पण दोन टोकं एकमेकांना चिकटली तर तार क्षणात लाल होते. म्हणून 5 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अधिक टोकाला, अगदी जवळ. फ्यूज उडाला तर आधी कारण शोधायचं, मग नवा टाकायचा. चांदीचा कागद गुंडाळून चालवणं बंद.

पेटीत 230 व्होल्टचा इन्व्हर्टर का घेत नाही, हेही सांगतो. छोटा इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्याला काहीही जोडलं नाही, तरी 5 वॅट खाऊ शकतो. 24 तासांत झाले 120 वॅट-तास. आपल्या घराचा अख्ख्या रात्रीचा खर्च तो एकटा, काही न करता, संपवणार. म्हणून दिवे डीसीचे, पंखा डीसीचा, आणि मोबाइल यूएसबीवर.

वाऱ्यावर का नाही, असंही विचारलं जातं. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनानं बदलते. वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहतात, तसा वारा आपल्या धानाच्या खोऱ्यात नाही. सायकल मात्र विचारात घेण्यासारखी आहे. धडधाकट माणूस 60 वॅटच्या आसपास जोर तासभर टिकवू शकतो, वजावट जाता 40 वॅट-तास येतात. म्हणजे झडीच्या दिवसाची कमाई एका तासाच्या पेडलवर! घाम निघतो, पण पुरात अडकल्यावर हा हिशेब कामाला येतो. आणि ज्यानं तासभर पेडल मारलं, तो पोरगा नंतर दिवा उगाच चालू ठेवत नाही, हेही खरं.

आता मूळ प्रश्नाकडं. पेट्या मरतात कशानं? पॅनेल सहसा मरत नाही, ते वीस वर्षं चालतं. मरतं काय, तर जोड. पावसाळ्यात टोकांना हिरवट गंज चढतो, उंदीर तार कुरतडतो, फ्यूज उडतो, स्वीच ढिला होतो. काही रुपयांचा बिघाड असतो. पण गावात उघडून बघणारं कुणी नसतं, पेटी खाटेखाली जाते, तिथं महिनोन्‌महिने न भरता पडून तिची बॅटरीही संपते. मग लोक म्हणतात, सौरचं काही खरं नाही.

ही गोष्ट ओळखून काम करणारे आहेत. राजस्थानातल्या तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज 1972 पासून काम करतंय. तिथं खेड्यातल्या, फारसं शिक्षण नसलेल्या आज्यांना सौरदिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवतात. आज्याच का, तर त्या गाव सोडून शहरात नोकरीला जात नाहीत! आपल्या राज्यात आयआयटी मुंबईनं सौर अभ्यासदिव्यांचं काम केलं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा या राज्यांत दहा लाख दिवे शाळकरी मुलांपर्यंत पोचले. दिव्यांचे भाग आणून जोडणी गावातल्या माणसांकडून करून घ्यायची, आणि दुरुस्तीची सोय त्याच भागात ठेवायची, हे त्याचं सूत्र. 2 ऑक्टोबर 2019 ला, गांधीजींच्या 150 व्या जयंतीला, देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी स्वतःच्या हातानं दिवे जोडले, तेही याच प्रयत्नातून. दिवा वाटण्याइतकंच तो उघडणारा हात तयार करणं महत्त्वाचं, हे या दोन्ही ठिकाणी दिसतं.

म्हणून कार्यशाळेचा शेवटचा तास आम्ही राखून ठेवतो. तोपर्यंत सगळ्यांच्या पेट्यांचे दिवे लागलेले असतात, फोटो काढून झालेले असतात. मग आम्ही प्रत्येक पेटीत मुद्दाम एक बिघाड करतो. कुणाचा फ्यूज काढतो, कुणाची तार आतून सोडतो. बनवणाऱ्यानंच तो मल्टिमीटरनं शोधायचा. चार जागी चार आकडे बघायचे. उन्हात पॅनेल : 20 व्होल्टांच्या वर हवं. बॅटरी : 13 च्या आसपास हवी, 10 च्या खाली असेल तर ती पार उपाशी आहे. फ्यूजची दोन टोकं : मीटरनं टीं वाजायला हवं. शेवटी स्वीचच्या पुढं : बॅटरीइतकाच आकडा हवा. जिथं आकडा हरवला, तिथं बिघाड. हे ज्याला जमलं त्याची कार्यशाळा झाली. नुसता दिवा लागला त्याची अर्धीच झाली.

पेटीसुद्धा तशीच बनवायची. डिंकानं चिकटवायची नाही, स्क्रूनं बंद करायची. तारांना लाल-काळा रंग पाळायचा. झाकणाच्या आत तीन गोष्टी चिकटवायच्या : जोडणीचा क्रम, घराचा 120 वॅट-तासांचा हिशेब, आणि हे चार आकडे. गावात मल्टिमीटर एक असला तरी पुरतो, काही शे रुपयांना मिळतो. तो बचत गटाच्या कपाटात किंवा शाळेत ठेवा, कुणाच्या घरी कुलपात नको.

दोन सूचना देऊन थांबतो. फुगलेली लिथियमची बॅटरी उघडायची नाही, टोचायची नाही, चुलीत टाकायची तर नाहीच. आणि शिशाची जुनी बॅटरी भंगारवाल्यासमोर फोडू देऊ नका. तिच्यातलं आम्ल आणि शिसं शेवटी आपल्याच बोडीत उतरतं. विकणाऱ्या दुकानाकडं ती परत करता येते, नवी घेताना किंमतही कमी होते.

पुढच्या कार्यशाळेला येताना वही-पेन आणा, आणि घरात, शाळेत, ग्रामपंचायतीच्या खोलीत जे बंद पडलेले सौरदिवे असतील ते पिशवीत घालून आणा. नव्या पेट्या दुपारी बनवू. सकाळी आधी ते उघडू.